वाचकांचे प्रश्न : जुने सँपलिंग कीबोर्ड

ऐंशीच्या दशकातल्या स्वस्त सँपलिंग कीबोर्डांबद्दल, म्हणजे बाहेरचा आवाज भरून (हेच ‘सँपल’) तो पट्ट्यांवर सुरात वाजवणाऱ्या कीबोर्डांबद्दल, बरीच पत्रं आली. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं देत आहोत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

माळ्यावरच्या ट्रंकेत एक छोटा कॅसिओ सापडला. भाऊ म्हणतो, यात आपला आवाज भरता येतो. खरंच येतो का, हे कसं ओळखायचं? आणि या खेळण्याच्या मागे लोक एवढे का लागतात?
— वाचक, नागपूर

आधी मॉडेल बघा. नाव ‘एसके’पासून सुरू होत असेल (एसके-१, एसके-५, एसके-८ वगैरे), तर तो सँपलिंगचा. ‘एसए’, ‘पीटी’ किंवा ‘व्हीएल’ असेल तर नाही. त्यांत बाहेरचा आवाज भरता येत नाही. लेबल पुसलं असेल तर वरच्या पॅनलवर मायक्रोफोनची बारीक भोकं आणि ‘सँपलिंग’ लिहिलेलं बटण शोधा. यामाहाचे असे कीबोर्ड ‘व्हीएसएस’ मालिकेतले.

सँपलर ही चीज १९७९मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेअरलाइट सीएमआयने आणली, पण ती मोठ्या स्टुडिओंनाच परवडे. १९८४च्या एन्सोनिक मिराजने किंमत १,६९५ डॉलरवर आणली, तेव्हा ती क्रांती वाटली. त्यानंतर लगेचच कॅसिओचा एसके-१ अमेरिकेत शंभर डॉलरच्या आत मिळू लागला. ३२ छोट्या पट्ट्या, एका वेळी चार सूर, आत मायक्रोफोन, आत स्पीकर, पाच पेन्सिल सेल. त्यात भोवतालचा कुठलाही आवाज १.४ सेकंद भरायचा आणि सुरात वाजवायचा. शिवाय नऊ हार्मोनिक (मूळ सुराबरोबर वाजणारे वरचे सूर) कमी-जास्त करून स्वतःचा आवाज रचण्याची सोय आणि १३ तयार एन्व्हलप, म्हणजे आवाज कसा उठेल आणि कसा विरेल याचे साचे. या किमतीला एवढं देण्याची कंपनीला काही गरज नव्हती!

लोक मागे लागतात ते त्याच्या खरखरीत, दबक्या, थोड्या वेड्या आवाजासाठी. तो आवाज कुठून येतो हे पुढच्या उत्तरात आहे.

एसके-१मध्ये तबला आणि तानपुरा भरून पाहिला. तबला पत्र्याच्या डब्यासारखा येतो, डग्गा तर ऐकूच येत नाही. तानपुरा शेवटी करकरतो. कीबोर्ड बिघडलाय का?
— वाचक, सोलापूर

बिघडलेला नाही. तीन तक्रारींची तीन वेगळी कारणं आहेत.

एसके-१ सेकंदाला सुमारे ९,३८० वेळा आवाज मोजतो आणि प्रत्येक माप आठ बिटांत लिहितो. १.४ सेकंदांचे झाले साधारण १३ हजार बाइट. आजच्या फोनमधला एक धूसर फोटोही याहून जागा खातो. मोजणीच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचाच आवाज पकडता येतो, म्हणजे इथे फार तर ४.७ किलोहर्ट्‌झपर्यंत. चाटीवरच्या ‘ना’ची धार बरीचशी त्याच्या वर असते. ती गेली की उरतो तो मधला टणटणाट, म्हणून पत्रा. गाऊन ‘सा’ भरलात तरी ‘स’ची शीळ अशीच हरवते, ‘आ’ मात्र छान येतो.

डग्गा सँपलमध्ये बऱ्यापैकी असतो, पण तळहाताएवढ्या स्पीकरला तो घुमारा झेपत नाही. लाइन-आउटमधून (आवाज बाहेर देणाऱ्या जॅकमधून) मोठ्या स्पीकरला जोडा, परत येईल.

तानपुऱ्याच्या करकरीचं कारण आठ बिट. मोजपट्टीवर एकूण २५६च खुणा. आवाज मोठा असतो तेव्हा त्या पुरतात. तार विझत जाते तसं शेवटी चार-सहा खुणांवर सगळं रेखाटावं लागतं, आणि त्या पायऱ्या कानाला वाळूसारख्या लागतात. म्हणून या कीबोर्डांचा पहिला नियम : आवाज भरपूर भरा, पण फाटू देऊ नका.

चांगलं सँपल हवं असेल तर आतल्या माइकपेक्षा लाइन-इन (तारेने आवाज आत घेणारा जॅक) वापरा. क्रम असा :

आवाज फोनवर शांत खोलीत, पंखा बंद करून रेकॉर्ड करा. संगणकावर ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रॅममध्ये उघडून मोनो (एकाच वाहिनीचा) करा. ही पायरी टाळू नका. कीबोर्डचा जॅक मोनो असतो, त्यात स्टिरिओ पिन घातली की उजवी बाजू जमिनीला टेकते आणि अर्धा आवाज गायब होतो. मग हवा तो तुकडा कापा, त्याची पातळी कमाल करा आणि ४ किलोहर्ट्‌झच्या वरचं छाटून टाका. न छाटताही चालतं, पण वरचे सूर घडी पडून खाली येतात आणि सुराबाहेरची एक घंटी मिसळते. कधी तीच हवी असते. दोन्ही करून ऐका. फोनचा आवाज निम्म्यावर ठेवून सुरुवात करा, फाटेपर्यंत वाढवा, मग एक-दोन टप्पे मागे या.

सँपलिंगचं बटण दाबलं की कीबोर्ड वाट पाहतो आणि पहिला पुरेसा मोठा आवाज आला की भरायला लागतो. माइक वापरत असाल तर टेबलावर हात आपटणं, खोकणं, बाहेरचा हॉर्न, यातलं जे आधी येईल ते सँपल होतं. बासरी किंवा आलापासारखा हळू उठणारा आवाज असेल तर उलटी अडचण. हळुवार सुरुवात उंबरठ्याखाली राहते आणि कापली जाते. त्यावर उपाय म्हणजे संगणकावर तुकड्याच्या आधी एक छोटी ‘टक्’ जोडायची. कीबोर्ड तिच्यावर जागा होतो आणि सुरुवात पूर्ण भरली जाते. वाजवताना हळू उठणारा एन्व्हलप निवडला की ‘टक्’ झाकली जाते.

१.४ सेकंद कमी पडतात, हे सगळेच म्हणतात. जुन्या सँपलरवाल्यांची युक्ती वापरा : तुकडा संगणकावर दुप्पट वेगाने करा (सूरही वर जाऊ द्या), तसा भरा आणि एक सप्तक खाली वाजवा. १.४ सेकंदांत मूळचे २.८ सेकंद मावतात. किंमत अशी की मूळ आवाजातलं २.३ किलोहर्ट्‌झच्या वरचं सगळं जातं. तानपुऱ्याला हे सोसतं, तबल्याला अजिबात नाही.

जाता जाता, या यंत्रावर सर्वात खुलणारा आपल्याकडचा आवाज हार्मोनियमचा. सूर स्थिर, पातळी एकसारखी, त्यामुळे आठ बिट सुखाने पुरतात. एकच रीड, काळी एक किंवा पांढरी चार, भाता नीट भरून घ्या. वरच्या सप्तकात तो खेळण्यातल्या पिपाणीसारखा होतो आणि खालच्या टोकाला जुन्या चर्चमधल्या ऑर्गनकडे झुकतो. एका सँपलमधून दोन वाद्यं.

यावर राग वाजवता येईल का? मींड?
— वाचक, मिरज

पोर्टामेंटो आहे, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. पण त्याचा वेग तुमच्या बोटाच्या ताब्यात नाही, म्हणून ती मींड नव्हे. सूर समान अंतराचे आहेत, तानपुऱ्यासोबत गंधार चढा लागणारच. रागासाठी घेऊ नका. चालींना, नाटकाच्या पार्श्वसंगीताला, मुलांच्या गाण्यांना घ्या.

न्यू जर्सीत जुन्या सामानाच्या विक्रीत एसके-१ मिळाला, मूळ अडॅप्टरसकट. पुण्याला आणतो आहे. प्लगचं टोक बदलणारा कन्व्हर्टर लावला की झालं ना?
— वाचक, न्यू जर्सी

नाही. टोक बदलल्याने व्होल्टेज बदलत नाही. अमेरिकेतला जुना अडॅप्टर १२० व्होल्टचा, आतमध्ये साधा ट्रान्सफॉर्मर. त्याला इथले २३० व्होल्ट दिले की बाहेर जवळजवळ दुप्पट व्होल्टेज येतं आणि ट्रान्सफॉर्मरही जळतो. जपानमधून आलेला असेल तर तो १०० व्होल्टचा, म्हणजे आणखी वाईट. अडॅप्टर तिथेच ठेवून या.

इथे नवा घ्या : ७.५ व्होल्ट डीसी, रेग्युलेटेड (व्होल्टेज स्थिर ठेवणारा), ५०० मिलिअँपिअर किंवा जास्त. अँपिअर जास्त असले तर बिघडत नाही, कीबोर्ड हवे तेवढेच ओढतो. व्होल्ट जास्त असले तर बिघडतं. आणि पिनची दिशा : या कॅसिओंमध्ये मधली पिन ऋण, बाहेरची कडी धन. बाजारातले बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे असतात. जॅकशेजारची छोटी खूण, गोलातला ठिपका आणि अधिक-उणे, भिंगाने का होईना पाहा आणि मल्टिमीटरने अडॅप्टर तपासूनच लावा. यामाहाचा असेल तर त्याची खूण वेगळी पाहा, कॅसिओचा नियम त्याला लावू नका.

फुटपाथवरचा निवडक्या व्होल्टेजचा स्वस्त अडॅप्टर ७.५वर ठेवला तरी रिकामा असताना १० ते ११ व्होल्ट दाखवतो, कारण तो रेग्युलेटेड नसतो. त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते ती वेगळीच. रेकॉर्डिंगला आम्ही सेलच सुचवू. १.५ व्होल्टचे पाच अल्कलाइन सेल. त्यातून येणारी वीज कुठल्याही अडॅप्टरपेक्षा शांत. रिचार्जेबल घातले तर पाचांचे मिळून ६ व्होल्टच होतात. चालतो, पण मोठ्या आवाजात लवकर दमतो.

आणि हे लक्षात ठेवा : सँपल ज्या मेमरीत असतं ती विजेवर जगते. सेल काढले की ते गेलं. म्हणून मूळ तुकडा फोनवर किंवा संगणकावर जपा, कीबोर्डवर विसंबू नका.

सेलच्या कप्प्यात पांढरा-हिरवा थर साचलाय. खरवडून काढू का?
— वाचक, सातारा

कोरडं खरवडू नका, पूड नाकाडोळ्यांत जाते. सेल अल्कलाइन असतील तर गळालेलं द्रव्य आम्लारी असतं. कापूसकाडी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये जेमतेम ओली करून फिरवा. फसफसलं की काम होतंय. साधे झिंक-कार्बन सेल असतील तर उलट, ते आम्लधर्मी गळतात. त्यांना पाण्यात कालवलेला खायचा सोडा. दोन्हींनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि दिवसभर सुकू द्या.

मग स्प्रिंगा बघा. हिरवट झालेली स्प्रिंग बारीक पॉलिश पेपरने चमकवा. गंजून अर्धी झालेली असेल तर बदला, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास मिळते. त्यानंतरही कीबोर्ड चालू होत नसेल तर स्प्रिंगला डाग दिलेली (सोल्डर केलेली) तार ओढून पाहा. गळतीचं द्रव्य तारेच्या आवरणाखालून आत चढतं. तार वरून चांगली दिसते आणि सोलली की आत काळी, ठिसूळ. डाग तिच्यावर बसत नाही. चांगलं लाल तांबं लागेपर्यंत मागे कापा किंवा सरळ नवी तार टाका.

माझ्या एसके-५च्या पाच-सहा पट्ट्या वाजत नाहीत, काही दाबून धरल्या तरच वाजतात. दुरुस्ती घरी जमेल?
— वाचक, चिपळूण

कोकणातल्या दमट हवेत हा ठरलेला रोग. बहुधा जमेल, पण आधी कुठल्या पट्ट्या बंद आहेत ते कागदावर मांडा. त्या अशाच विखुरलेल्या असतील, किंवा जोर दिल्यावर वाजत असतील, तर संपर्क मळलेत. ठरावीक अंतराने बंद असतील किंवा सलग एक गट मुका असेल, तर पट्ट्यांच्या जाळीतली (पट्ट्या जोडणाऱ्या आडव्या-उभ्या रेघांतली) एक रेघ तुटली आहे किंवा एखादा डायोड गेलाय. तिथे साफसफाईने काही होणार नाही, मल्टिमीटरने रेघ तपासावी लागेल.

मळाचं काम असं. सेल काढा. मागचे स्क्रू सोडवताना कुठला कुठून निघाला ते थर्माकोलच्या तुकड्यावर टोचून ठेवा, लांबी वेगवेगळी असते. मागचं झाकण एकदम उचलू नका. स्पीकरच्या तारा आखूड असतात, डाग तुटतो. पट्ट्यांखालची पाटी (सर्किट बोर्ड) काढली की रबराची लांब पट्टी दिसेल, तिच्यात फुगवटे आणि प्रत्येकात खाली काळी टिकली. कीबोर्डची पट्टी दाबली की टिकली पाटीवरच्या काळ्या रेघांना टेकते. एवढाच स्विच.

पाटीवरच्या रेघा ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापूसकाडीने, हलक्या हाताने पुसा. पॉलिश पेपर, खोडरबर, थिनर, पेट्रोल यातलं काहीही नको. ती रेघ म्हणजे कार्बनचा छापील थर आहे, गेला की परत येत नाही. रबराच्या टिकल्या साध्या पांढऱ्या कागदावर घासा, कागदावर करडी रेघ उमटेल, पुरे. वाजत नसलेल्या पट्टीची टिकली मल्टिमीटरने मोजा. काहीशे ओहम ते दोन-चार किलोओहम आलं तर ठीक. अनेक दहा किलोओहम आलं तर कार्बन झिजलाय, वाहक कार्बन रंगाचा पातळ हात द्यावा लागेल.

जुळवताना रबर कुठे दुमडलं तर नाही ना ते पाहा. नव्याने मुक्या झालेल्या पट्ट्यांचं कारण बहुधा तेच असतं. आणि स्क्रू बसवताना आधी उलटा फिरवा. ‘टक्’ करून जुन्या आट्यात पडला की मगच सरळ फिरवा. प्लास्टिकचे खांब चाळीस वर्षांचे झालेत, नवे आटे पाडले की फुटतात.

घ्यायचाच तर कोणता? एसके-१, एसके-५ की यामाहा व्हीएसएस-३०?
— वाचक, डोंबिवली

एसके-१ सर्वात साधा आणि त्यामुळे सर्वात लवकर हाताशी येणारा. एकच सँपल, दोन बटणं, संपलं. एसके-५ (१९८७) चार सँपल ठेवतो आणि त्याला तालाचे पॅड आहेत, त्यांत सिंहाची डरकाळी आणि लेझरसुद्धा. चार सँपलांची सोय ऐकायला मोठी, पण मेमरीची वाटणी असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पाऊण सेकंद. ठेका बांधायचा असेल तर हाच घ्या.

आवाज घडवायचा असेल तर व्हीएसएस-३०ला तोड नाही. सँपलवर दुसरं सँपल चढवता येतं, उलटं वाजवता येतं, पुढे-मागे फिरत राहणारं लूप करता येतं, प्रतिध्वनी आणि जाणूनबुजून फाटका आवाजही. दोन-चार वेळा थर चढवले की मूळ आवाज कोणता होता ते ओळखू येत नाही. आमचं मत विचाराल तर गंभीरपणे काम करणाऱ्याने यामाहा घ्यावा आणि घरात मुलं असतील तर एसके-१.

जुन्या बाजारात किंवा चोर बाजारात घ्यायला जाताना पाच नवे पेन्सिल सेल, मोनो केबल आणि फोन घेऊन जा. कप्पा उघडून गळती बघा. ऑर्गनच्या आवाजावर सगळ्या पट्ट्या एकेक वाजवा. ऑर्गन टिकतो म्हणून खंड लगेच कळतो. चार पट्ट्या एकदम दाबा. माइकवर भरा, मग लाइनवर भरा. लाइन चालते आणि माइक नाही, तर भाव पाडून घ्या : आत बहुधा दोन तारांचा इलेक्ट्रेट माइक असतो, किरकोळ किमतीत बदलतो. बसवताना धातूच्या खोळीला जोडलेला पाय ऋण. दोन्हींकडून भरत नसेल आणि बाकी आवाज वाजत असतील, तर दुकानातच ठेवा.

एसके-१ संगणकाला मिडीने जोडता येतो का?
— वाचक, बेळगाव

नाही. मिडी, म्हणजे वाद्यं आणि संगणक एकमेकांना जोडण्याची सोय, यात नाहीच. बाहेरून बसवायचे सर्किट बोर्ड लोक बनवतात, पण पट्ट्यांच्या जाळीला बारीक डाग द्यावे लागतात. वाजवून लाइन-आउटने रेकॉर्ड करणं सोपं.

फोनवरचं ॲप किंवा प्लगइन हाच आवाज देत असेल तर जुनं यंत्र कशाला?
— वाचक, पणजी

एखाद्याच गाण्यापुरता तो पोत हवा असेल तर यंत्र घेऊ नका. कुठल्याही बिटक्रशर (आवाज मुद्दाम खरखरीत करणाऱ्या) प्लगइनमध्ये आठ बिट आणि ९.३८ किलोहर्ट्‌झ लावा, काम भागेल. यंत्राचा फायदा दुसरीकडे आहे. भरणं आणि वाजवणं यांत दोन सेकंदांचं अंतर असतं, पडदा नसतो, आणि जुनं सँपल पुसल्याशिवाय नवं घेता येत नाही, म्हणून निवड झटपट होते. प्लगइनमध्ये हजार आवाज असतात आणि संध्याकाळ ते ऐकण्यात जाते.

‘सर्किट बेंडिंग’ करायचं आहे. एसके-१ योग्य का? सुरुवात कुठून करू?
— वाचक, नाशिक

सर्किटमधल्या जागा मुद्दाम चुकीच्या जोडून अनपेक्षित आवाज काढण्याच्या या कलेला नाव दिलं अमेरिकेच्या रीड गझाला यांनी, आणि एसके-१ हा त्यातला जुना लाडका. कारण सरळ आहे : आवाजाचा डेटा ज्या तारांवरून मेमरीतून बाहेर येतो त्या पाटीवर उघड्या आहेत. दोन तारा क्षणभर जोडल्या की आकडे बदलतात, आणि पियानोचा किंकाळी मारणारा यंत्रमानव होतो.

फक्त सेलवर. अडॅप्टर लावून कधीही नाही. आधी मल्टिमीटरने मेमरी चिपचे वीजपुरवठ्याचे पाय शोधा आणि त्यांवर लाल रंगाचा ठिपका द्या; त्यांना दुसरं काहीही टेकवायचं नाही. मग मगरचिमट्यांची तार घ्या, मध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर टाका, एक टोक एका डेटा पायाला लावा आणि दुसरं बाकीच्या पायांना एकेक करून टेकवा, पट्टी दाबलेली असताना. ऐका, वहीत लिहा : कुठला पाय, कुठला पाय, काय झालं. आवाज गोठला किंवा पट्ट्या मेल्या तर घाबरू नका, प्रोसेसर भरकटलाय. बंद करा, सेल काढा, अर्ध्या मिनिटाने घाला. वहीत पंधरा-वीस चांगल्या जोड्या जमल्या की त्यांतल्या पाच-सहांनाच टॉगल स्विच बसवा. सगळ्यांना बसवले तर चेसिसमध्ये जागाही उरत नाही आणि तारांचं जाळं पट्ट्यांना अडतं. भोकं पाडण्यापूर्वी झाकण बंद करून स्पीकर आणि सेलचा कप्पा कुठे येतो ते पेन्सिलीने आखून घ्या.

एक विनंती : धडधाकट एसके-१ यासाठी कापू नका, नवे आता बनत नाहीत. पट्ट्या तुटलेला, पिवळा पडलेला, कोपरा फुटलेला शोधा. पिवळेपणा घालवायला लोक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात. डाग पडतात आणि वर्षा-दोन वर्षांत पिवळेपणा परततो, म्हणून तसाच राहू द्या. त्या पिवळ्या झाकणावर स्विचची भोकं पाडताना हात कचरत नाही, हा फायदाच. ड्रिल हळू फिरवा, खाली लाकडाचा तुकडा धरा आणि आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडून मग ६ मिलिमीटरचं करा.